मिशीवाला मासा, तंगूस आणि काठी : निवडीतून विज्ञान



पावसाळा सुरू झाला की नदीकाठची मुलं गळ घेऊन निघतात. घरात सापडेल ती काठी, दुकानात मिळेल तो तंगूस. मासा लागतो, एक हिसका देतो आणि गळ तोंडात घेऊनच निघून जातो. मुलं म्हणतात, "नशीबच नाही!" पण चूक नशिबाची नसते, निवडीची असते. शिवाय तो गळ माशाच्या तोंडात रुतून राहतो. म्हणून ही निवड मुलांना शिकवायला हवी.

आधी मासा ओळखा

मागूर, शिंगाळा, शिवडा हे मिशीवाले, बिनखवल्यांचे मासे. ते बहुधा तळाशी राहतात आणि अंधार पडल्यावर जास्त फिरतात. गळाला लागले की कपारीकडे, झाडांच्या मुळांकडे धाव घेतात. तोंडातले बारीक दात कानशीसारखे दोरीवर घासतात. म्हणजे दोरी घासणं सोसणारी हवी आणि काठी माशाला मुळांपासून दूर ओढणारी.

तंगूस

जाडी दुप्पट झाली की छेदाचं क्षेत्रफळ चौपट होतं. म्हणून ०.२० मिमीचा तंगूस सुमारे ३ किलोला तुटतो, तर ०.४० मिमीचा १० किलोच्या आसपास. दोन-तीन किलोच्या माशाला ०.४० चांगला. गळाजवळचा हातभर तुकडा त्याहून जाड ठेवावा. विणलेली दोरी बारीक असून मजबूत असते, पण ती ताणत नाही आणि बोटं कापते. मुलांसाठी नायलॉनच बरा. गाठ ही सर्वांत कमजोर जागा. आवळण्याआधी ती ओली करा, नाहीतर घर्षणाने तंगूस तापून कमजोर होतो.

काठी

७-८ फुटांची, शेंड्याला वाकणारी पण बुंध्याला दमदार काठी घ्या. वाकणारा शेंडा हिसका पोटात घेतो. फायबर ग्लासची काठी थोडी जड, पण आपटली तरी टिकते. कार्बनची हलकी, पण ठेच लागली की तडकते आणि तिच्यातून वीज वाहते. विजेच्या तारांखाली कोणतीच काठी उभी धरायची नाही, ओला बांबूसुद्धा नाही!

तंगूस खूप जाड आणि काठी नाजूक असेल तर काठी मोडते. उलट असेल तर तंगूस तुटतो. म्हणून दोन्ही जोडीनेच निवडा. रीळ असेल तर तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला ते सुटू लागेल असं लावा. १० किलोच्या तंगुसाला साधारण ३ किलो.

वर्गात करून पाहा

स्प्रिंगच्या काट्याला दोऱ्याने दगड टांगा. आकडा लिहा. मग दगड बादलीतल्या पाण्यात बुडवा. आकडा कमी होतो ना? माशाची घनता तर जवळपास पाण्याइतकीच, म्हणून पाण्यात त्याचा भार नगण्य असतो. दोरीला जाणवते ती त्याची ओढ. पण वर उचलताच पूर्ण वजन दोरीवर येतं, आणि नेमका तिथेच तंगूस तुटतो. म्हणून शेवटी मासा दोरीने उचलायचा नाही, खालून जाळी लावायची.

पालकांनी लक्षात ठेवावं

• मुलांसोबत मोठं माणूस हवंच. तंगूस हाताला गुंडाळू देऊ नका.
• मागूर, शिंगाळ्याच्या छातीजवळच्या परांना काटे असतात. मासा मोठ्यांनीच सोडवावा.
• तलाव-धरणावर मासेमारीचा हक्क बऱ्याचदा मच्छीमार संस्थेकडे असतो. आधी विचारा.
• तुटलेला तंगूस घरी आणा. काठावर राहिला तर पक्ष्यांच्या पायात अडकतो.

जाता जाता मुलांना हा प्रश्न द्या : १० किलोचा तंगूस, ३ किलोचा मासा, तरी तंगूस तुटला. का? गाठ, घासणं, हिसका... मुलं कारणं शोधू लागली की धडा समजला.