लेकरू निघालंय, त्याला विचारायला शिकवा

पालकहो,

दहावी-बारावीचे निकाल लागले की पहूर पेठेत काय आणि कसब्यात काय, घरोघरी एकच विषय असतो : पोराला कुठं टाकायचं? कुणी जळगाव म्हणतं, कुणी संभाजीनगर, कुणी थेट पुणं. फी, खोलीभाडं, मेस यांचा हिशेब वडील मांडत बसतात. गादी, बादली, चिवड्याचा डबा अशी जमवाजमव आई करते. सगळी तयारी होते, पण नव्या गावात राहायचं कसं, हे लेकराशी बोलायचं राहूनच जातं. त्यावरच आज तुमच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

मी स्वतः बाहेरून या गावात आलेली आहे. माहेर-सासर दोन्ही कोल्हापूरकडचं. नोकरीनं इथं आणलं. आले तेव्हा इथलं ऊन सोसत नव्हतं, बोलणं नीट कळत नव्हतं आणि ओळखीचं एकही दार नव्हतं. आज हे गाव माझं आहे. ते कशानं झालं, याचा विचार करते तेव्हा सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते. मी विचारायला लागले, म्हणून गाव मला जवळ करत गेलं.

एक प्रसंग सांगते. थंडीचे दिवस होते. शेजारच्या आक्कांच्या अंगणात तुरकाठ्यांचा जाळ पेटला होता आणि त्यात लांबट, हिरवी-पांढरट वांगी भाजत होती. आमच्याकडं भरताचं वांगं जांभळं. मी कुंपणाशी थांबून विचारलं, "आक्का, ही वांगी हिरवी कशी हो?" आक्कांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "तिथून काय विचारता मॅडम, या न इकडं." मग त्यांनी वांगी सोलून लाकडी बडगीत टाकली आणि मुसळ माझ्या हातात दिलं. मिरची-लसूण आधी ठेचायचं, वांगं नंतर, आणि त्याचा पार लगदा होऊ द्यायचा नाही, हे मी तिथं शिकले. तेलात शेंगदाणे आणि कांद्याची पात पडली, वरून कोथिंबीर आली. निघताना त्यांनी कळण्याच्या दोन भाकरी फडक्यात बांधून दिल्या. त्या दिवसापासून चांगला डॉक्टर कुठला, गिरणी कधी चालू असते, जामनेरची शेवटची गाडी केव्हा, हे सगळं विचारायला मला एक हक्काचं घर मिळालं.

विचारण्यात कमीपणा नाही. आपण विचारतो तेव्हा समोरच्याच्या माहितीला, त्याच्या अनुभवाला मान देतो. मान दिला की माणूस मोकळा होतो. शहरातला खोलीमालक असो, मेसवाल्या मावशी असोत की कॉलेजच्या ऑफिसातले कारकून असोत, ही गोष्ट सगळीकडं लागू पडते.

आपल्या गावाला बाहेर जाणं काही नवं नाही. पाचोरा ते जामनेर ही 56 किलोमीटरची छोटी गाडी, आपली पीजे, शंभर वर्षं पहूरवरून धावली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ती थांबली आणि आता त्या मार्गाचं रुंदीकरण हाती घेतलेलं आहे. तुमचे आजोबा-पणजोबा याच गाडीनं पाचोऱ्याला जायचे आणि तिथून मुंबईची गाडी धरायचे. खिशात पत्त्याची चिठ्ठी असायची आणि पुढचा सगळा प्रवास लोकांना विचारत विचारत व्हायचा. त्या विचारण्यातून ओळखी होत, कामं मिळत, कधी रात्रीपुरता आसराही मिळे. आज मोबाईल रस्ता दाखवतो, ही सोय मोठी आहे. पण त्यामुळं मुलं शहरात पोचतात आणि महिनाभर कुणाशी मोकळं बोलतच नाहीत.

विचारायची सवय शहरात गेल्यावर एकाएकी लागत नाही. ती इथंच, आपल्या नजरेखाली लावता येते. सध्या दाखल्यांचे दिवस आहेत. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाईल, नॉन-क्रिमिलेयर यांसाठी जामनेरच्या खेपा तुम्ही घालता आणि मुलगा घरी मोबाईल पाहत बसतो. या वेळी त्याला पुढं करा. सोबत जा, पण रांगेत त्याला उभं करा. अर्ज त्यालाच भरू द्या, साहेबांशी त्यालाच बोलू द्या. बँकेत पैसे भरायची स्लिप त्याच्याच हातानं लिहू द्या. एखादा कागद कमी पडला आणि खेप वाया गेली, तर चिडू नका. कागद आधी तपासून निघायचं असतं, हे त्या खेपेनं त्याला जितकं कळेल तितकं आपल्या दहा वेळा बजावण्यानं कळणार नाही.

मुलींच्या आईवडिलांशी जरा वेगळं बोलते. लेकीला एकटी पाठवताना जीव खालीवर होतो. मीही आई आहे, ही काळजी मला कळते. पण काळजीपोटी आपण तिला प्रत्येक ठिकाणी सोडायला-आणायला जातो, तिच्या वतीनं आपणच बोलतो आणि अठराव्या वर्षी एकदम म्हणतो, "आता सांभाळून राहा." सांभाळून राहायचं कसं, हे तिला कधी अनुभवायला मिळालेलंच नसतं. खेड्यातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून मिळतो. शाळा-कॉलेजच्या या रोजच्या प्रवासात ती पुष्कळ शिकते. गाडी चुकली तर काय करायचं, कुणी त्रास दिला तर कंडक्टरला मोठ्यानं कसं सांगायचं, याचा सराव तिथंच होतो. घरी येऊन तिनं असं काही सांगितलं, तर तिचं शिक्षण बंद करायची भाषा तोंडातून काढू नका. एकदा ती भाषा ऐकली की मुलगी पुढं काहीच सांगत नाही.

पैशाचंही असंच आहे. महिन्याचे पैसे खात्यावर टाकून आपण मोकळे होतो. मोबाईलवरून पैसे देताना नोट हातातून जात नाही, त्यामुळं किती गेले ते जाणवत नाही. जाण्याआधी एक महिना घरातला किराणा, दूध, भाजी, वीजबिल यांचा हिशेब मुलाकडं सोपवा. वहीत रोज लिहायला लावा. कपाशीला भाव नसला की घरात काय काय आवरतं घ्यावं लागतं, हे त्याच्यापासून लपवू नका. घरची ओढाताण ज्याला ठाऊक असते, ते मूल शहरात हात आखडून खर्च करतं आणि त्याला त्याची लाजही वाटत नाही. वसतिगृहाच्या सरकारी योजनांची चौकशीही त्यालाच करू द्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयम्, शेतकरी-मजुरांच्या मुलांसाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता या योजना आहेत. आपल्याला कोणती लागू पडते, त्याची मुदत कधी संपते, हे शोधणं त्याचं काम.

आता बोलीबद्दल. आपली मुलं पुण्याला जातात आणि पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांच्या "काय करू राह्यला"ची नक्कल करतं. मूल मिटतं. वर्गात हात वर करायचं सोडून देतं. जाण्याआधी त्याला बहिणाबाई चौधरींची गोष्ट जरूर सांगा. जळगावजवळच्या आसोद्याची ही लेक. अक्षरओळख नव्हती. शेतात, घरात, जात्यावर त्यांना जे सुचलं ते याच मातीच्या बोलीत. मुलगा सोपानदेव यांच्यामुळं ती गाणी टिकली आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं 1952 मध्ये पुस्तक होऊन आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे. आपल्या बोलीची लाज वाटायचं कारण नाही, हे मुलाला घरातून कळलं पाहिजे. त्याच वेळी परीक्षेत आणि मुलाखतीत चालणारी मराठी आणि इंग्रजी मन लावून शिकायची, हेही कळलं पाहिजे. दोन्ही भाषा तोंडात असलेलं मूल कुठंही अडत नाही.

पहिले काही आठवडे जड जातात, हे मुलाला आधीच सांगून ठेवा. नाही तर "मलाच जमत नाही" असं त्याला वाटतं. कानबाईचा रविवार किंवा पोळा आला की घरची आठवण दाटून येते. फोनवर रडू फुटलं तर लगेच "परत ये" म्हणू नका आणि "एवढ्यानं रडतोस?" असंही म्हणू नका. ऐकून घ्या. मग विचारा, "आज कुणाशी बोललास? जेवलास कुणाबरोबर?" या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून त्याचं कसं चाललंय ते तुम्हाला मार्कांपेक्षा लवकर कळेल. पण झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, बोलणं निराशेचं वाटत असेल, तर मात्र दिवस घालवू नका. लगेच जाऊन भेटा. 14416 हा सरकारच्या टेली-मानसचा मोफत नंबर आहे. तिथं मराठीतून बोलता येतं. तो मुलाच्या मोबाईलमध्ये आणि तुमच्याही असू द्या.

विचारणं ही पहिली पायरी झाली. गाव खरं आपलं होतं ते तिथं आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो तेव्हा. याचं मोठं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. साने गुरुजी मूळचे कोकणातल्या पालगडचे. शिक्षणासाठी दापोली, औंध, पुणे असे गावोगाव राहिले, हाल सोसले. तिथून अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिरात आले आणि 1924 मध्ये तिथल्या शाळेत शिक्षक झाले. स्वभाव बुजरा, प्रदेश परका. पण वसतिगृहाची जबाबदारी आली आणि या माणसानं मुलांच्या खोल्या झाडल्या, त्यांचे कपडे धुतले, आजारी मुलांची शुश्रूषा केली. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हातानं लिहून काढलं. 1930 मध्ये ते शाळा सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरले. पुढं 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा गीतेवर बोलले, ते सगळं उतरवून घेतलं ते गुरुजींनीच. शाळेतली नोकरी अवघी सहा वर्षांची, पण खान्देशानं त्यांना कायमचं आपलं मानलं.

आपल्या मुलाला एवढं मोठं काही करायचं नाही. रूममधल्या आजारी मित्राला दवाखान्यात नेणं, मेसमधल्या मावशींच्या मुलाचा अभ्यास घेणं, पाण्याची टाकी भरली की मोटार बंद करणं, अशी छोटी कामं पुष्कळ असतात. त्यातलं एक आपणहून उचलायचं. ज्याच्या हातून दुसऱ्याचं काम होतं त्याला एकटं वाटायला सवड राहत नाही, आणि अडीअडचणीला माणसं त्याच्यासाठी धावून येतात. पण ज्यानं घरी कधी स्वतःचं ताट उचललं नाही, तो तिथं जाऊन दुसऱ्यासाठी काय करणार? म्हणून आजपासून ताट, अंथरूण, स्वतःचे कपडे त्याचे त्यानं पाहायचे. वरण-भात आणि खिचडी मुलगा असो वा मुलगी, दोघांनाही आलीच पाहिजे.

शेवटची गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आपल्या गावातही बाहेरून माणसं येत असतात. बदलीवर आलेल्या कर्मचाऱ्यांची मुलं येतात. सातपुड्यातून सालदारकीला आलेल्या पावरा कुटुंबांची मुलं येतात. त्यांच्या घरी पावरी बोलतात आणि वर्गात मराठी ऐकून ती गप्प बसतात. तुमचं मूल त्यांच्याशी कसं वागतं? डबा खायला जवळ बोलावतं, की त्यांच्या बोलण्याला हसतं? आज ज्याला दुसऱ्याचं परकेपण दिसतं, त्याच्यावर उद्या तीच वेळ आली तर तो गांगरत नाही. समोरच्याला काय हवं असतं, हे त्याला आधीच ठाऊक असतं. घरात नव्या माणसांबद्दल आपण जे बोलतो ते मुलं ऐकत असतात, म्हणून याची सुरुवात आपल्यापासून व्हायला हवी.

शाळा-कॉलेज सुरू व्हायला अजून थोडे दिवस आहेत. तेवढ्यात दाखल्याची एक खेप, घरखर्चाची एक वही आणि रोजचा एक वेळचा स्वयंपाक एवढं लेकराच्या हाती द्या. काही चुकेल, काही सांडेल. चुकू द्या. इथं चुकलं तर सावरायला तुम्ही जवळ आहात, आणि हीच संधी पुढं मिळणार नाही. काही अडलं, काही बोलावंसं वाटलं, तर शाळा सुटल्यावर मी असतेच. निःसंकोच या. आपण मिळून मार्ग काढू.

तुमची,
शाळेतल्या बाई