कायदा आणि नगररचना : दोन पदव्यांच्या वाटेवर

माझ्याकडे एलएलबी आणि एम.प्लॅन अशा दोन्ही पदव्या आहेत हे कळलं की नातेवाईक विचारतात, "मग कमाई जोरात असेल?" विद्यार्थी विचारतात, "सर, दोन्ही एकदम करता येतं का?" नातेवाइकांना मी हसून टाळतो. विद्यार्थ्यांना मात्र सविस्तर सांगावं लागतं, कारण त्यांच्या उमेदीच्या वर्षांचा प्रश्न असतो.

एकदम करता येत नाही, निदान आपल्याकडे तरी नाही. अमेरिकेत कायद्याची जेडी तीन वर्षांची आणि नियोजनाची मास्टर्स दोन वर्षांची. हार्वर्ड, बर्कली अशा ठिकाणी या दोन्हींची जोडपदवी चार वर्षांत होते, कारण काही विषय दोन्हीकडे धरले जातात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांनुसार एका वेळी दोन नियमित अभ्यासक्रम करता येत नाहीत. २०२२ मध्ये यूजीसीने दोन पदव्या एकत्र करायला परवानगी दिली, तेव्हा व्हॉट्सअॅपवर अभिनंदनाचा पाऊस पडला. त्याच मार्गदर्शक सूचनांत व्यावसायिक परिषदांचे नियमही लागू राहतील असं म्हटलं आहे, तिथवर फार थोडे लोक पोचले. पुढे २०२४ मध्ये बार कौन्सिलने विधी महाविद्यालयांना परिपत्रक काढून दुसरी पदवी, नोकरी आणि हजेरी यांबद्दल विद्यार्थ्यांकडून लेखी घ्यायला सांगितलं. "सगळेच करतात, कोण बघतंय?" असं सांगणारा एखादा सीनियर प्रत्येक कॉलेजात भेटतो. सनदेच्या अर्जाच्या वेळी तो तुमच्या शेजारी उभा नसतो.

म्हणजे पदव्या एकामागून एकच घ्यायच्या, आणि इथे क्रमाला फार महत्त्व आहे. तीन वर्षांच्या एलएलबीचं दार कुठल्याही शाखेच्या पदवीधराला उघडं आहे. किमान टक्के आणि सीईटी एवढंच. एम.प्लॅनचं तसं नाही. बहुतेक संस्था बी.प्लॅन, बी.आर्क किंवा सिव्हिलचा इंजिनिअर मागतात, नाहीतर भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्र अशा विषयांतली मास्टर्स. नुसती बीए-एलएलबी घेऊन गेलात तर बऱ्याच ठिकाणी खिडकीवरूनच परत यावं लागतं. माझ्या ओळखीच्या एका हुशार मुलीने पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम संपल्यावर ही अट वाचली. मग तिला आधी भूगोलात एमए करावं लागलं. मी सिव्हिलचा असल्यामुळे माझी वाट आपसूक सरळ पडली: आधी एम.प्लॅन, मग सल्लागार कंपनीत नोकरी, मग एलएलबी. त्यात माझी हुशारी काही नव्हती. पण कुणी सल्ला मागितला तर मी हाच क्रम सांगतो, मधल्या नोकरीसकट. विकास आराखडा प्रत्यक्ष तयार होताना पाहिलेला नसेल, विद्यमान भूवापर नकाशा उन्हात फिरून भरलेला नसेल, तर पुढे कोर्टात त्या नकाशाच्या रंगांवर बोलताना जीभ अडखळते.

खरी मेख मात्र पदव्या हातात आल्यानंतर निघते. बार कौन्सिलच्या व्यावसायिक आचारनियमांतला ४९ वा नियम सांगतो की, पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. नोकरी धरली की बार कौन्सिलला कळवायचं आणि प्रॅक्टिस थांबवायची. मी एलएलबी झालो तेव्हा आमच्या कंपनीच्या मालकांना मनापासून आनंद झाला. "छान झालं, आता बाहेरच्या वकिलाची फी वाचली," म्हणाले. त्यांच्या मनात होतं की दिवसा मी आराखडे करावेत आणि गरज पडली की काळा कोट चढवून कोर्टात उभं राहावं, पगार एकच. हे नियमात बसत नाही, हे त्यांच्या गळी उतरवायला बराच वेळ गेला. शेवटी मी नोकरी सोडली आणि एका सीनियरच्या चेंबरमध्ये बसू लागलो. तिथे मिळणारं मानधन जुन्या पगाराच्या निम्मंही नव्हतं. घरात पदव्या वाढत होत्या आणि पैसे कमी येत होते, याचं कोडं माझ्या आईला आजही सुटलेलं नाही.

त्याच आचारनियमांतला १३ वा नियम आणखी बारीक चिमटा काढतो. ज्या दाव्यात आपल्याला साक्षीदार व्हावं लागेल असं वाटण्यास कारण आहे, तो दावा वकिलाने घेऊ नये. आता तुम्ही नियोजनकार म्हणून एखाद्या जमिनीचा अहवाल केला, त्यावर सही केली आणि उद्या तोच अहवाल वादाचा मुद्दा झाला, तर तुम्ही साक्षीदार. ते प्रकरण वकील म्हणून हातचं गेलं. म्हणून सही नियोजनकाराची करायची की वकीलपत्रावर करायची, हे पहिल्या बैठकीतच ठरवायचं असतं. दोन दगडांवर पाय ठेवून इथे उभं राहता येत नाही.

मग या जोडीचा उपयोग काय? आहे, आणि तो फार नेमक्या जागी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणजे आपला एमआरटीपी. त्याचं कलम १२७ सांगतं की, आराखड्यात आरक्षण पडलेली जमीन अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत घेतली गेली नाही, तर मालकाला नोटीस देता येते. आणि नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. (ही मुदत पूर्वी कमी होती, २०१५ च्या दुरुस्तीने वाढली. जुनी पुस्तकं वाचून सल्ला देणारे इथे हमखास घसरतात.) नुसता पत्रव्यवहार आणि प्रस्ताव म्हणजे पावलं नव्हेत, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलं.

अशीच एक नोटीस घेऊन शहरालगतच्या गावातले एक काका आले. जमिनीवर खेळाच्या मैदानाचं आरक्षण. नोटीस दुसऱ्या एका वकिलांनी लिहिलेली, भाषा खणखणीत. पण दहा वर्षं मोजली होती प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला त्या दिवसापासून. मोजायची असतात अंतिम आराखडा अंमलात येतो त्या तारखेपासून, आणि ती राजपत्रात असते. हे झालं कायद्याचं. मग मी आराखड्याचा तुकडा आणि मोजणीचा नकाशा एकाच प्रमाणात काढून एकावर एक ठेवले. घरात मध्यंतरी वाटप झालं होतं, सातबारे वेगळे झाले होते, आणि मैदानाचा मोठा भाग काकांच्या धाकट्या भावाच्या हिश्श्यात जात होता. नोटिशीसोबत मालकीची कागदपत्रं जोडावी लागतात. काकांच्या एकट्याच्या सातबाऱ्यावर ती नोटीस लंगडी पडली असती. भावाभावांत बोलणं नव्हतं. काका म्हणाले, "म्हणजे आता त्याच्या दारात जावं लागणार का?" गेले, आणि नोटीस दोघांच्या सहीने गेली. नुसत्या वकिलाला तारीख सापडली असती, नुसत्या नियोजनकाराला हद्द.

पण अशी कामं रोज येत नाहीत, आणि येतात ती कुठे लढावी लागतात हेही आधी समजून घ्या. कलम १४९ मुळे या कायद्याखालच्या पुष्कळ आदेशांना दिवाणी दाव्यात आव्हान देता येत नाही. रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जावं लागतं. पुण्यात चेंबर थाटून याच विषयावर जगायचं ठरवलंत तर मुंबईच्या गाडीचा पास काढून ठेवा. आराखड्यांवरच्या हरकतींच्या सुनावण्यांचं काम हंगामी. पीएमआरडीएचा, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा, प्रारूप आराखडा २०२१ मध्ये आला, हरकती साठ हजारांच्या पुढे गेल्या, आमच्यासारख्यांना श्वास घ्यायला फुरसत नव्हती. पुढे तो आराखडाच रद्द झाला. मधल्या काळात घर चालतं ते टायटल सर्चवर, सोसायट्यांच्या पुनर्विकासाच्या करारांवर आणि महारेराच्या तक्रारींवर. त्या कामांना एम.प्लॅन लागत नाही.

अमेरिकेच्या जोडपदवीची स्वप्नं पाहणाऱ्यांसाठी थोडं. तिथल्या नामांकित खासगी लॉ स्कूलची नुसती फी वर्षाला सत्तर हजार डॉलरच्या वर आहे. शिक्षण उत्तम, यात वाद नाही. १९२६ च्या युक्लिड खटल्याने झोनिंगला घटनात्मक आधार कसा दिला, १९७८ च्या पेन सेंट्रल खटल्यात न्यूयॉर्कच्या टीडीआरची, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्कांची, चर्चा कशी झाली, हे तिथे मुळातून शिकायला मिळतं. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने टीडीआर आणला, त्यामुळे ते वाचताना आपलं घरचं काहीतरी वाचतोय असं वाटतं. तिकडेच राहून काम करायचं असेल तर जरूर जा. परत येऊन इथे वकिली करायची असेल तर त्या पदवीला बार कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा, आणि परदेशी पदवीधरांसाठीच्या पात्रता परीक्षेची तयारी ठेवा. शिवाय एमआरटीपी आणि २०२० ची एकत्रित नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, घरी बसून स्वतःच शिकावी लागेल. तिच्यात इतक्या वेळा दुरुस्त्या होतात की माझी प्रत चिकटवलेल्या कागदांनी दुप्पट जाड झाली आहे.

सरकारी नगर रचना विभागात जायचं मनात असेल तर एलएलबीची घाई करू नका. सहायक नगर रचनाकाराच्या भरतीत विचारलं जातं ते तांत्रिक शिक्षण. नोकरीत स्थिरावल्यावर कायद्याची ओढ वाटली तर रीतसर परवानगी घेऊन शिका, हजेरीचं गणित आधी मांडून.

अर्ज भरण्याआधी एमआरटीपीचा बेअर अॅक्ट विकत घ्या आणि कलम २६ ते ३१ एका बैठकीत वाचा. शेजारी तुमच्या गावचा मंजूर आराखडा उघडून ठेवा. दोन्ही वाचताना रात्र कधी झाली ते कळलं नाही, तर खुशाल या वाटेला या. दोहोंपैकी एकाचाच कंटाळा आला, तर दुसऱ्याचीच पदवी घ्या.