घरगुती पोपटाची निगा

वाघोलीसारख्या गावांत एकीकडे शेते व जुनी झाडे, तर दुसरीकडे नवीन इमारती अशी संमिश्र वस्ती आहे. हे गाव सन २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. वडपिंपळाच्या ढोलीत पोपट अद्यापि घरटी करतात आणि घरी पोपट असावा ही मुलांची हौसही कायम आहे. ही हौस पुरविताना कोणता पक्षी पाळावा व त्याची निगा कशी राखावी, याची माहिती पुढे दिली आहे.

कोणता पक्षी पाळावा

गळ्यात कंठी असलेला हिरवा राघू, पहाडी पोपट व जांभळट डोक्याचा लहान पोपट हे आपले रानपक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये त्यांना पकडणे, विकणे व पाळणे हा गुन्हा आहे. ढोलीतून काढलेली पिले पुष्कळदा बाजारात पोहोचण्यापूर्वीच दगावतात. पिलू खाली पडलेले आढळल्यास त्याच्या चोचीत दूध अगर पाणी घालू नये. भोके पाडलेल्या खोक्यात उबेला ठेवून वन विभागास १९२६ या क्रमांकावर कळवावे. घरी पूर्वीपासून राघू असल्यास तो सोडून देऊ नये. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्यास अन्न शोधता येत नाही व शत्रूही ओळखता येत नाही. असा पक्षी वन विभागाच्या स्वाधीन करावा.

पाळावयाचेच असल्यास मूळचे ऑस्ट्रेलियातील बजरीगर अथवा कॉकाटील हे पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी घ्यावेत. मकाव, आफ्रिकन करडा पोपट इत्यादी विदेशी जातींची नोंदणी सन २०२४ च्या नियमांनुसार करावी लागते.

पिंजरा

बजरीगरच्या जोडीस किमान अडीच फूट लांब व दीड फूट रुंद पिंजरा द्यावा. पक्षी आडवा उडतो. म्हणून उंचीपेक्षा लांबी महत्त्वाची. गोल पिंजरा टाळावा. गजांतील अंतर अर्ध्या इंचाहून अधिक नसावे. बसण्यासाठी पेरू अथवा कडुलिंबाच्या कमीअधिक जाडीच्या फांद्या बसवाव्यात. एकाच जाडीच्या दांडीने पाय दुखावतात. पिंजरा स्वयंपाकघरात ठेवू नये, कारण न चिकटणारी भांडी फार तापली असता निघणाऱ्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो. नगर रस्त्याकडील धूळ व धूर, दुपारचे ऊन आणि डिसेंबरातील रात्रीचा गारठा यांपासूनही बचाव करावा. रात्री दहा ते बारा तास शांत अंधार मिळावा.

आहार

राळे व बाजरी मिळून दर बजरीगरास दिवसाकाठी सुमारे दोन चहाचे चमचे पुरेत. पक्षी दाणा सोलून फोलपटे भांड्यातच टाकतो. त्यामुळे भांडे भरलेले दिसते व पक्षी उपाशी राहतो. म्हणून रोज फोलपटे फुंकून काढावीत. केवळ दाण्यांवर ठेवलेल्या पक्ष्यात जीवनसत्त्व 'अ'ची उणीव होते. यासाठी मेथी, कोथिंबीर, किसलेले गाजर व मोड आलेले मूग द्यावेत. मिरचीही चालते, तिचा तिखटपणा पक्ष्यांस जाणवत नाही. चुन्यासाठी समुद्रफेस टांगावा. सूर्यफुलाचे बी तेलकट असल्याने क्वचितच द्यावे. अॅव्होकॅडो, चॉकलेट, चहा, कांदा व खारट पदार्थ कदापि देऊ नयेत.

स्वच्छता व रोग

पाणी रोज बदलावे. तळाचा कागद किंचित ओला करून काढावा, म्हणजे विष्ठेची धूळ उडत नाही. या धुळीतून सिटाकोसिस हा रोग माणसांस होऊ शकतो. घरात कोणास ताप व खोकला आल्यास पक्षी पाळल्याचे डॉक्टरांस अवश्य सांगावे.

पक्षी आपले आजारपण लपवितो. पिसे फुगवून तळाशी बसणे, श्वासाबरोबर शेपटी हलणे व पातळ विष्ठा ही लक्षणे दिसताच त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे.

बजरीगर पाच ते दहा वर्षे जगतो. तितकी वर्षे रोजची निगा घेण्याची घरच्यांची तयारी असेल तरच पक्षी आणावा. ती नसल्यास अंगणात पेरूचे एक झाड लावावे व जुन्या झाडांच्या ढोली राखाव्यात. राघू आपण होऊन येतील.