भजनातील खर्ज

लोणी भापकरसारख्या गावी देवळात भजन रंगते, तेव्हा टाळांचा झणत्कार प्रथम कानी पडतो. परंतु त्यास पाया देतो तो पखवाजाच्या डाव्या मुखाचा, म्हणजे धुमेचा, गंभीर घुमारा. वादनापूर्वी धुमेवर ओली कणीक थापतात. किती, हे पखवाजियाचा कान ठरवितो. भार वाढल्याने कातड्याची कंपने मंदावतात व नाद खाली उतरतो. कंपने निम्मी झाली की स्वर एक सप्तक खाली येतो. शिक्षकांनी भजनी मंडळाचा पखवाज वर्गात आणवून मुलांस कणकेविना व कणकेसह नाद ऐकवावा. मग एकच चाल प्रथम केवळ टाळांवर व नंतर धुमेच्या साथीने म्हणवून घ्यावी. आधाराविना लय धावते काय, हे मुलांनीच पारखावे. वादनानंतर कणीक खरवडून काढण्यास मात्र विसरू नये. ती वाळल्यास पुडी बिघडते.