आंबेमोहराचा वास आणि पेजेची वाटी

मुळशीच्या खाचरातला आंबेमोहर चुलीवर रटरटू लागला की शेजारच्या घरीही कळते. गेल्या पावसाळ्यात तापातून उठलेल्या एका आजींना पाहायला गेलो होतो. तोंडाला चव नव्हती, पण पेजेच्या वासाने त्या उठून बसल्या. घरच्यांनी हौसेने दिवसातून चार-चार वेळा पेज दिली. आजींना मधुमेह आहे, हे त्या गडबडीत मागे पडले. तिसऱ्या दिवशी रक्तातील साखर फार वाढली. "डॉक्टर, पेज तर हलकी असते ना?" सुनेचा हा प्रश्न अनेक घरांतला आहे.

आधी वासाविषयी. आंब्याच्या मोहराच्या, तुळशीच्या, ओव्याच्या वासात टर्पीन जातीच्या द्रव्यांचा मोठा वाटा असतो. आंबेमोहर तांदळाला नाव मोहराचे मिळाले, पण त्याच्या वासातील मुख्य द्रव्य निराळे आहे: २-असेटिल-१-पायरोलिन. सुवासिक तांदळातील हे द्रव्य अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९८२ साली ओळखले. बासमतीतही तेच असते. बहुतेक सुवासिक जातींत एक विकर नीट काम करत नाही, म्हणून हे द्रव्य दाण्यात साठते. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा एक दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो.

इतक्या अल्प द्रव्याने अंगाला पोषण मिळत नाही आणि साखरही वाढत नाही. त्याचे काम भूक चाळवण्याचे. आजाऱ्याच्या बाबतीत तेही थोडे नाही.

साखर वाढते ती पिष्टाने. मऊ शिजलेल्या पेजेतील पिष्ट लवकर पचते, म्हणून ती 'हलकी', आणि म्हणूनच तिची साखर रक्तात झपाट्याने उतरते. त्यातच तापानेही साखर वाढते. तेव्हा मधुमेह्याने एका वेळी लहान वाटीभरच पेज किंवा मऊ भात घ्यावा. सोबत मुगाचे घट्ट वरण, ताक, शिजवलेली भाजी असावी. आजारपणात साखर तपासत राहावी. औषध आपल्या मनाने बंद करू नये, वाढवूही नये. खाणे अगदीच सुटले तर डॉक्टरांना लगेच कळवावे.

आंबेमोहराचे पीक उंच वाढून लोळते, उताराही कमी. म्हणून पुष्कळांनी वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ साली आलेली इंद्रायणी लावली. तीही आंबेमोहराचीच लेक. वाटीचा नियम दोघींना सारखाच. उष्णतेने व साठवणीने वास उडतो, म्हणून तांदूळ झाकणबंद डब्यात, थंड जागी ठेवावा.

आजी आता बऱ्या आहेत. आंबेमोहर सुटलेला नाही; सून वाटी मोजून वाढते आणि शेजारी मुगाची उसळ असते. वास पोटभर घ्यावा, भात मोजून खावा.