छप्पर पेलणारा त्रिकोण

रेल्वेच्या फलाटावर किंवा एखाद्या गोदामात उभे राहून तुम्ही कधी वर पाहिले आहे का? छपराखाली लोखंडी सांगाडा दिसतो आणि त्यात जिकडे तिकडे त्रिकोणच त्रिकोण! या सांगाड्याला 'कैची' म्हणतात. तिच्यात त्रिकोणच का बरे असतात?

एक प्रयोग करा. जाड पुठ्ठ्याच्या चार सारख्या पट्ट्या टोकाशी टाचण्यांनी जोडून चौकोन बनवा. कोपरा ढकलताच तो कलंडतो. आता तीनच पट्ट्यांचा त्रिकोण करून ढकला. तो हलत नाही! तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरतात. भूमितीतील 'बाबाबा' कसोटी ती हीच.

दुसरा प्रयोग. गुळगुळीत टेबलावर दोन फूटपट्ट्या उतरत्या छपराप्रमाणे एकमेकींना टेकवा. शेंड्याशी धरून हलकेच दाबा. खालची टोके बाहेर सरकतात. ती टोके दोऱ्याने बांधून पुन्हा दाबा. आता पट्ट्या जागच्या जागी राहतात आणि दोरा ताठ होतो. म्हणजे पट्ट्यांवर दाब आहे, दोऱ्यात ताण आहे. कैचीतही असेच घडते. ताण सोसायला सडपातळ सळईही पुरते. त्यामुळे थोड्या लोखंडात, मध्ये खांब न घेता, मोठे दालन झाकता येते. पादचारी पूल आणि रेल्वेच्या २५,००० व्होल्टच्या तारा पेलणारे रुळांवरील सांगाडे यांतही हाच त्रिकोण उपयोगी पडतो.

पण छपरावरील बल नेहमी खालीच असते काय? ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि कोकणात कितीतरी घरांची छपरे उडाली. छपरावरून वेगाने वारा वाहू लागला, की तेथील हवेचा दाब कमी होतो. आतली हवा छपराला वर रेटते. हा रेटा छपराच्या वजनाहून वाढला, की सारे उलटे होते. जिथे ताण होता तिथे दाब येतो. तुमचा दोरा दोन्ही टोकांनी आत ढकलून पाहा, तो लगेच सैल पडतो. सडपातळ सळईही अशीच वाकते. म्हणून अभियंते दोन्ही दिशांच्या बलांचे गणित करतात आणि कैची भिंतीवर नुसती न ठेवता बोल्टांनी पक्की जखडतात.

तुमच्या शाळेला पत्र्याचे छप्पर असेल, तर पावसाळ्यापूर्वी जमिनीवरूनच नीट निरखून पाहा. गंजलेला किंवा निखळलेला बोल्ट दिसला, तर वर न चढता शिक्षकांना लगेच सांगा.