यंत्राची स्मृती आणि नाण्याएवढा सेल

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने सेल आणि सोल्डर यांवर लेख लिहावा, याचे आपल्या काही प्राध्यापकांना नवल वाटेल. परंतु विषय दिसतो तितका परका नाही. जे जपायचे आहे ते कशावर जपले आहे, हा प्रश्न इतिहासाच्या तासाला आपण ताम्रपट आणि कागद यांच्याबाबत विचारतोच. येथे तो जुन्या गिटारयंत्रांबाबत विचारावयाचा आहे.

इलेक्ट्रिक गिटारचा आवाज तारेतून निघून सरळ स्पीकरकडे जात नाही. वाटेत त्याला घुमारा, प्रतिध्वनी, खरखर देणाऱ्या पेट्या असतात. पूर्वी प्रत्येक परिणामाची पेटी वेगळी आणि तिच्यावर हाताने फिरवायची बटणे. बटण जेथे ठेवले तेथेच राही, म्हणून स्मृतीचा प्रश्नच नव्हता. १९७८ साली अमेरिकेतील सीक्वेन्शियल सर्किट्स या कंपनीचा प्रॉफेट-५ हा सिंथेसायझर आला. वादकाने जुळवलेले ४० आवाज त्यात साठवता येत व बटण दाबताच परत मिळत. गिटारवादकांकडे ही सोय ऐंशीच्या दशकात पोहोचली. जपानच्या रोलँड कंपनीचे जीपी-८ हे १९८७ चे यंत्र पाहा. आठ परिणाम एका पेटीत आणि जुळवलेल्या १२८ आवाजांसाठी जागा. अशा एकेका जुळणीला ‘पॅच’ म्हणतात.

हे पॅच राहतात स्टॅटिक रॅम नावाच्या चिपमध्ये. तिचा स्वभाव मोठा विचित्र आहे. वीज आहे तोवर तिला सर्व आठवते. वीज गेली की क्षणात सारे विसरते. यंत्र चालू असताना तिला ५ व्होल्ट मिळतात. मात्र नुसते लक्षात ठेवण्यापुरते पाहिले तर २ व्होल्टही पुरतात. म्हणून बनवणाऱ्यांनी पेटीत ३ व्होल्टचा एक लिथियम सेल बसवला. प्लग काढला की चिपचा भार हा सेल उचलतो. प्लग लावला की वाटेतला डायोड बाहेरची वीज सेलमध्ये शिरू देत नाही, कारण हा सेल पुन्हा भारण्याच्या जातीचा नव्हे.

यातला नेहमीचा सेल म्हणजे सीआर २०३२. त्याचे नावच त्याचे माप आहे: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास. चिप दोन मायक्रोअँपिअर ओढते असे धरले, तर भागाकार १,१०,००० तासांचा, म्हणजे साडेबारा वर्षांचा येतो. चिपची भूक याहून कमी असेल तर काही सेल वीस-पंचवीस वर्षेही टिकतात. तेव्हा सेल सोल्डर करून का टाकला याचे उत्तर या हिशेबातच आहे. वाजवणारा पेटी टेम्पोत टाकणार, ती आदळणार. स्प्रिंगचा सेल एकदा हलला तरी सारे पॅच गेले. सोल्डर केलेला हलत नाही, आणि तो संपेपर्यंत यंत्रच जुने होईल, असा बनवणाऱ्यांचा अंदाज असावा. यंत्रे मात्र अंदाजापेक्षा चिवट निघाली.

माझे मामा तालुक्याच्या गावी रेडिओ-अँप्लिफायर दुरुस्त करतात. सुट्टीत मी त्यांच्या हाताखाली असतो. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारे एक गृहस्थ असेच जुने जपानी यंत्र घेऊन आले. “मामा, सेल बदला; पण माझे आवाज जाऊ देऊ नका,” एवढेच त्यांचे म्हणणे. त्यांच्याजवळ गाण्यांची डायरी होती. प्रत्येक गाण्यापुढे एक आकडा, कुठे २३, कुठे ४१. त्या क्रमांकाचा आवाज लावायचा, एवढाच त्याचा अर्थ. २३ मध्ये घुमारा किती, प्रतिध्वनी किती वेळाने, हे डायरीत कोठेच नव्हते. ते फक्त त्या चिपमध्ये होते. ग्रंथालयाची सूची शाबूत आणि कपाटे रिकामी, अशी वेळ त्या माणसावर कोणत्याही दिवशी आली असती. वीस वर्षांच्या कार्यक्रमांची जुळवाजुळव त्या आकड्यांमागे उभी होती.

मामांनी पहिल्या दिवशी पेचकस हातात घेतलाच नाही. मला वही घ्यायला लावली. यंत्राच्या पडद्यावर एकेक पॅच आणायचा, त्यातील एकेक आकडा वाचायचा आणि लिहायचा. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. यंत्राला मिडीची सोय आणि जवळ संगणक असेल तर हेच काम काही मिनिटांत होते, कारण १९८३ साली ठरलेल्या या भाषेत बहुतेक यंत्रे आपली सारी स्मृती तारेवरून बाहेर पाठवू शकतात. तरीही वही बरी, असे माझे मत झाले. ती उघडायला कशाचीच गरज लागत नाही.

त्यानंतर प्लग काढून ठेवायचा आणि पेटी लगेच उघडायची नाही, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज उरलेली असते. ज्या यंत्रात व्हॉल्व्ह आहेत तेथे ही वीज जीवघेणी असू शकते. त्यात नवशिक्याने हात घालूच नये. मग मल्टीमीटरने सेल तपासायचा. येथे एक फसवणूक आहे. लिथियम सेल आयुष्यभर जवळजवळ एकाच पातळीवर राहतो आणि शेवटी एकदम कोसळतो. मीटरने २.९ दाखवले म्हणून तो तरुण आहे असे नव्हे.

सेल कोणत्या जातीचा आहे हेही आधी वाचावे. काही जुन्या यंत्रांत निकेल-कॅडमियमचा, पुन्हा भारला जाणारा सेल असतो. त्या जागी साधा लिथियम बसवला तर यंत्र त्याला भारू पाहील आणि तो फुटू शकेल. निकेलचा सेल पाझरला असेल तर त्याच्या क्षाराने आजूबाजूचे तांबेही खाल्लेले आढळते.

सोल्डर काढताना घाई केली तर बोर्डावरील तांब्याचा पातळ पट्टा उखडून येतो, म्हणून शोषक वेणीने थोडे थोडे ओढून घ्यायचे. नवा सेल मात्र कधीही थेट सोल्डर करू नये. लिथियम १८० अंशांच्या आसपास वितळतो, आणि नेहमीचे कथील-शिशाचे सोल्डर वितळायलाच १८३ अंश लागतात. आयर्नचे टोक तर त्याहून कितीतरी तापलेले. कारखान्यात सेलला पत्र्याचे पाय आधी स्पॉट वेल्डिंगने जोडतात व ते पाय बोर्डात सोल्डर करतात. असा पायांचा सेल मिळाला तर उत्तम. मामांनी त्याऐवजी सेल सरकवायचे होल्डर लावले, धन आणि ऋण बाजू दोनदा पाहिली, आणि आदळआपटीत हलू नये म्हणून वरून पट्टी बांधली.

चालू यंत्रातच सेल बदलला तर स्मृती जात नाही, असे सांगणारे कारागीर आहेत. ते खरेही आहे. पण विजेवरच्या उघड्या पेटीत तापलेले आयर्न घालण्यापेक्षा दोन संध्याकाळी लिहिणे मला स्वस्त वाटते.

यंत्र पुन्हा सुरू केले तेव्हा पडद्यावर अर्थहीन अक्षरे होती. ठरावीक बटणे दाबून धरून यंत्र सुरू केले की कारखान्यातील मूळ पॅच परत येतात. ही बटणे यंत्रागणिक वेगळी, म्हणून माहितीपुस्तक टाकून देऊ नये. मग वहीतून एकेक आकडा परत भरला. गृहस्थांनी २३ लावून चार सूर वाजवले, मान हलवली आणि ४१ कडे वळले.

काढलेला सेल मामांनी चिकटपट्टीत गुंडाळून लहान भाच्याच्या हाती लागणार नाही असा ठेवला, कारण असा सेल गिळला गेला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. नव्या सेलची तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला पेनने लिहिली. वहीची एक प्रत गृहस्थांनी डायरीच्या मागे शिवून घेतली. दुसरी दुकानात आहे.